सायकलचा क्रँक आणि बी.बी. : नवा माल घेण्यापूर्वी काय मोजावे

— ऊस विकास अधिकारी



या अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्यावर लिहावयाचे ठरले होते. त्याऐवजी सायकलवरचा लेख पाहून, "साहेबांनी ऊस सोडून सायकलचे दुकान टाकले काय?" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पाचट पुढच्या अंकात येईलच. पण गेल्या हंगामात माझ्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही, आणि त्याचे मूळ इतक्या क्षुल्लक चुकीत होते की ते सर्वांना सांगितलेच पाहिजे असे वाटले.

आपल्या एका सभासदाची मुलगी, इयत्ता नववीत. घरापासून शाळा चार किलोमीटर. गळीत ऐन भरात असल्याने रस्त्याला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ओढ्याच्या पुलाच्या चढाला पोरीने उभे राहून पायडल मारले, आणि डावा क्रँक एक्सलवर जागच्या जागी फिरला. पाय निसटला, तोल गेला आणि ती रस्त्याच्या आतल्या अंगाला पडली. मागून भरल्या ट्रॉल्या येत होत्या. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून गुडघा फुटण्यावर निभावले. मी मोटारसायकलवरून गटात चाललो होतो, तो थांबलो. सायकल बाजूला घेऊन पाहिले, तर क्रँकमधली कॉटर पत्र्याच्या पट्टीत गुंडाळून ठोकलेली. आठच दिवसांपूर्वी क्रँक नवा बसविला होता. क्रँकचे भोक साडेनऊ मिलिमीटरचे आणि कॉटर नऊ मिलिमीटरची. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तो भरून काढायला पत्रा घातलेला.

वडील मला म्हणाले, "साहेब, दुकानात कॉटर मागितली, त्याने कॉटर दिली. त्यात आणखी काय बघायचं असतं?" हा प्रश्न बरोबर आहे. त्याचेच उत्तर इथे देण्याचा प्रयत्न करतो.

सायकली कमी झाल्या हे खरे. तरीही शाळेला जाणाऱ्या मुली, आपले चिटबॉय, पाळीवर येणारे कामगार, आणि डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली म्हणून पहाटे निघणारे आपले ज्येष्ठ सभासद, यांच्या बुडाखाली सायकलच आहे. शिवाय पुण्याला शिकायला गेलेली पोरं सुट्टीत गिअरच्या सायकली घेऊन येतात आणि त्या गावच्या मिस्त्रीकडे जातात. तिथे एक वेगळाच घोटाळा होतो. तो पुढे येईल.

जोड किती आणि कुठे

फ्रेमच्या तळाला, दोन्ही पायडलांच्या मधोमध जी आडवी आखूड नळी असते ती बी.बी.ची नळी. तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात. त्या आट्यांत दोन वाट्या फिरवून बसवतात. वाट्यांत छर्रे, साध्या सायकलला दोन सुती, एका बाजूला बहुधा अकरा. छऱ्यांवर एक्सल फिरतो. एक्सलच्या दोन टोकांना दोन क्रँक आणि क्रँकच्या टोकाला पायडल. उजव्या क्रँकला चेनव्हील.

म्हणजे नळीचा वाटीशी जोड, वाटीचा एक्सलशी, एक्सलचा क्रँकशी आणि क्रँकचा पायडलशी. यातला प्रत्येक जोड वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या मापांनी बनत आला. दुकानात जाऊन नुसते "बी.बी. सेट द्या" म्हणणे म्हणजे "उसाचे बेणे द्या" म्हणण्यासारखे आहे. कोणती जात, किती महिन्यांचे, कोणाच्या मळ्यातले, हे विचारल्याशिवाय आपण बेणे आणत नाही. पण सायकलला मात्र पुडके फोडून जे निघेल ते ठोकून बसवतो.

वाटीचे आटे

आपल्याकडे सर्वात जास्त आढळतात ते इंग्लिश किंवा बी.एस.ए. आटे. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली निघालेली बंदुका बनविणारी कंपनी. पुढे ती सायकलीत आली आणि तिचे नाव आट्यांना चिकटले. या वाटीचा व्यास १.३७ इंच आणि एका इंचात २४ आटे. नळीची रुंदी बहुधा ६८ मिलिमीटर. गिअरच्या अनेक सायकलींना हेच आटे असतात, नळी मात्र कधी ६८ तर कधी ७३ मिलिमीटर रुंद. इटलीचे माप निराळे, व्यास ३६ मिलिमीटर आणि नळी ७० रुंद. फ्रान्सचे ३५ मिलिमीटर व्यासाला एक मिलिमीटरचा आटा. ही दोन मापे आपल्या तालुक्यात सहसा दिसणार नाहीत, तेव्हा ती सोडून देऊ.

पण एक माप दिसू शकते आणि तेच सगळ्यात फसवे आहे. ते म्हणजे इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या जुन्या रॅले सायकलीचे. आपल्यापैकी अनेकांच्या माळवदावर किंवा गोठ्यात आजोबांची अशी सायकल अजून असेल. रॅलेने आपल्या कारखान्यात स्वतःचे आटे ठेवले होते. व्यास १ इंच ३ सूत, म्हणजे अकरा सूत, आणि इंचात आटे २६. नळीही थोडी रुंद, ७१ मिलिमीटरच्या आसपास.

आता १.३७ आणि १.३७५ इंच यांत फरक किती? इंचाच्या हजाराव्या भागाचे पाच भाग. डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला कळत नाही. बी.एस.ए.ची वाटी रॅलेच्या नळीला लावली की ती आत शिरते. एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जाते. मग अडते. अडली की मिस्त्री म्हणतो, "रंग बसलाय आत," आणि लांब पाना लावतो.

ती का अडते हे सरी-वरंब्यावरून चटकन कळेल. समजा, एकाच बांधाला लागून दोन शेते आहेत. एकाने साडेतीन फुटावर सऱ्या पाडल्या, दुसऱ्याने चार फुटावर. पहिली सरी दोघांची समोरासमोर. दुसरीला अर्ध्या फुटाचा फरक पडला, तो कोणाच्या लक्षात येत नाही. पण चार सऱ्या मोजून पुढे गेलात की एकाचे झाले सोळा फूट आणि दुसऱ्याचे चौदा, म्हणजे एकाची सरी दुसऱ्याच्या वरंब्यावर. आट्याचे अगदी तसेच आहे. इंचात २४ म्हणजे एका आट्याचे अंतर सुमारे १.०६ मिलिमीटर, इंचात २६ म्हणजे सुमारे ०.९८. एका फेऱ्याला फरक फक्त ०.०८ मिलिमीटर. सहा फेऱ्यांत तो अर्धा मिलिमीटर होतो आणि तिथे वाटीचा वरंबा नळीच्या वरंब्यावर येऊन बसतो. त्यापुढे पाना फिरवला तर वाटी आत जाते खरी, पण आट्यात जात नाही, आटे कापीत जाते. आणि वाटी कडक पोलादाची, नळी त्या मानाने मऊ. कापले जातात ते फ्रेमचे आटे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या आजोबांची रॅले होती. त्यांनी ती तंबाखूच्या पैशातून घेतली होती आणि तिच्यावरून ते चाळीस वर्षे बाजार करीत. मी नोकरीला लागल्यावर, २००७ साली, ती चालू करावी म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणाहून नवा बी.बी. सेट आणला. जुन्या वाट्यांना खड्डे पडले होते, त्या मी भंगारात टाकल्या. मोजल्या नाहीत. कृषी पदविकेला अवजारांचा एक विषय होता, त्यात आट्यांच्या मापाचा धडाही होता. परीक्षेपुरता वाचला आणि विसरलो. मिस्त्रीने उजवी वाटी लावली, ती दोन फेऱ्यांनंतर अडली. मीच म्हटले, "जोर लावा, नवा माल आहे, घट्टच असणार." तीन फूट पाइप घालून दोघांनी ती फिरवली. नळीतून लोखंडाचा चुरा भाकरीच्या पिठासारखा पडला. महिन्याभरात वाटी हलू लागली, आणि काढली तेव्हा नळीत आटे म्हणून काही शिल्लक नव्हते. दोष मिस्त्रीला कशाला देऊ? माल मी आणला होता.

म्हणून जुनी वाटी टाकू नका. नवी घेताना जुनी सोबत न्या. दोन्ही वाट्या आट्याला आटा लावून कडेला कडा टेकवा आणि उजेडाकडे धरा. आटे एकमेकांत बिनबोभाट बसले आणि मधून उजेड दिसला नाही तर माप एक. दोन-चार आट्यांनंतर फट दिसू लागली तर ती वाटी तुमची नव्हे, दुकानदार काहीही सांगो. नवी वाटी लावतानाही नियम एकच, पहिले तीन-चार फेरे हाताने गेले पाहिजेत. नळी रॉकेलने धुऊन, आटे ब्रशने साफ करून, ग्रीस लावून बघा. तरीही हाताने जात नसेल तर पाना उचलू नका.

दिशेचे कोडे

आता उलट्या आट्यांविषयी. इंग्लिश मापात उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या वाटीला उलटे आटे असतात, डाव्या वाटीला सुलटे. रॅलेचेही तसेच. पायडलांना मात्र नेमके याच्या विरुद्ध, डाव्या पायडलाला उलटे आटे आणि उजव्याला सुलटे. हे न कळल्यामुळे सोडविण्याऐवजी आवळत बसलेले, आणि शेवटी नटाची कड मारून ठेवलेले अनेकजण मी पाहिले आहेत.

पायडलाला असे का, याचा एक खेळ करून पाहा. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचे बाहेरचे टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवा. टोक ज्या दिशेला फिरते त्याच्या उलट दिशेला पेन्सिल मुठीत स्वतःभोवती वळते. पायडलाचा दांडा क्रँकच्या भोकात असाच वळण्याचा प्रयत्न करतो. छऱ्यांचे घर्षण त्यापुढे किरकोळ. म्हणून आटे अशा बाजूचे ठेवले की या वळण्याने पायडल सुटण्याऐवजी आवळत जावे. इटलीच्या मापात दोन्ही वाट्यांना सुलटे आटे आहेत, आणि त्यांची उजवी वाटी सैल होते ही जुनी तक्रार आहे.

लक्षात ठेवायला सोपी खूण अशी. पाना वरच्या अंगाला धरला आहे असे समजा. पायडल सोडवायचे तर दोन्ही बाजूंना पाना मागच्या चाकाकडे. वाट्या सोडवायच्या तर दोन्ही बाजूंना पाना पुढच्या चाकाकडे. पायडल मागे, वाट्या पुढे. डावीकडच्या वाटीवर जी खाचांची चकती असते ती आधी त्याच दिशेने ढिली करावी लागते, हे विसरू नये.

पायडलाच्या मापातही एक गोम आहे. मोठ्या सायकलीच्या तीन तुकड्यांच्या क्रँकला साडेचार सुताचे पायडल लागते. लहान मुलांच्या काही सायकलींना दोन्ही क्रँक आणि एक्सल मिळून एकच वाकवलेली सळी असते, तिला चार सुताचे. अर्ध्या सुतासाठी तालुक्याची एक फेरी वाया जाते.

एक्सल : लांबी, खांदे आणि चेनची रेषा

एक्सलवर छर्रे फिरण्यासाठी दोन खांदे असतात. या खांद्यांमधले अंतर नळीच्या रुंदीशी जुळावे लागते. ६८ मिलिमीटरच्या नळीला ते ५२ च्या आसपास लागते, ७० च्या नळीला ५५ च्या आसपास. अंतर कमी पडले तर डावी वाटी फार आत जाते आणि चकतीला आटे उरत नाहीत. जास्त झाले तर वाटी अर्धी बाहेर लोंबते, दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो.

खांद्यांच्या बाहेरची टोकेही पुष्कळदा सारखी नसतात. लांब टोक उजवीकडे, कारण चेनव्हीलला जागा हवी. एक्सल उलटा बसला तर चेनव्हील फ्रेमच्या मागच्या नळीला घासते. असे घासण्याचे निशाण ज्या सायकलीला दिसेल तिचा एक्सल एकदा तरी कोणीतरी उलटा टाकलेला असतो, किंवा दुसऱ्याच मापाचा असतो.

चेनची रेषा म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हील किती दूर आहे ते अंतर. मागचे फ्रीव्हीलही मध्यापासून तेवढेच दूर हवे. मोजायला व्हर्नियर लागत नाही. सायकल उलटी उभी करा, चेनव्हीलच्या दातांना चिकटवून सुतळी ताणा आणि मागे फ्रीव्हीलच्या दातांपर्यंत न्या. सुतळी दातांवर सरळ आली पाहिजे. एक-दोन मिलिमीटर चालून जाते. पाच मिलिमीटर गेले की चेन तिरकी चालते, आवाज करते, दात एका बाजूने झिजतात, आणि खड्ड्यात आपटली की उतरते. लोक चेन ढिली आहे म्हणून चाक मागे ओढत बसतात.

कॉटरचे काम

आता ज्या कॉटरमुळे पोरगी पडली तिच्याकडे येऊ.

कॉटर म्हणजे लोखंडाची पाचर. गोल दांडा, त्याची एक बाजू उताराची सपाट केलेली, शेपटाला आटे आणि नट. एक्सलच्या टोकावर एक सपाट खाच असते. क्रँकच्या भोकातून कॉटर मारली की तिची सपाट बाजू त्या खाचेवर दाबून बसते. सायकलस्वाराचे सगळे वजन, उभा राहून पायडल मारताना तर वजनाहूनही जास्त जोर, त्या नखाएवढ्या सपाट जागेवर येतो. तिथे पत्रा, कागद, बाटलीचे बूच असले काही चालत नाही. लोखंडाला लोखंड पूर्ण टेकले पाहिजे.

इंग्लिश पद्धतीच्या क्रँकला कॉटर तीन सुताची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची लागते. बाजारात नऊ मिलिमीटरचीही मिळते. दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतात. तीन सुताची नऊच्या भोकात जाणार नाही, म्हणजे ती चूक आपोआप कळते. नऊची साडेनऊच्या भोकात मात्र सहज जाते, म्हणून ती चूक कळत नाही आणि पत्र्याची गरज पडते. कॉटर भोकात घालून नट न लावता हलवून पाहावी. लटलट हलली तर परत करावी.

सपाट बाजूचा उतारही सगळ्या कॉटरींचा सारखा नसतो. एका बाजूला जुनी आणि एका बाजूला नवी असे करू नये. दोन्ही एकदम बदलाव्यात, एकाच डब्यातल्या घ्याव्यात. नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते. बसवताना दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, म्हणजे उजव्या कॉटरचा नट वर असेल तेव्हा डावीचा खाली. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तरी क्रँक वाकडे होतात, आणि मग लोक क्रँकच वाकला म्हणून नवा आणतात.

ठोकण्याचीही रीत आहे. क्रँकच्या खाली जाड पाइपचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा जमिनीपर्यंत टेकवावा, म्हणजे हातोड्याचा दणका जमिनीत जाईल. आधार न देता ठोकले तर दणका छऱ्यांवर जातो आणि वाटीत छऱ्यांचे खड्डे पडतात. नव्या वाट्या महिन्यात खडखडायला लागल्या की दोष मालाला देतात, पण पुष्कळदा तो हातोड्याचा असतो. कॉटर हातोड्याने बसवायची, नट फक्त ती परत निघू नये म्हणून. नट आवळून कॉटर ओढू पाहिली तर शेपटाचे आटे जातात. काढताना मात्र नट शेपटाच्या टोकापर्यंत ठेवून ठोकावे, म्हणजे आटे चेपत नाहीत.

नवी कॉटर दोन-चार किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा. ती बसकण घेते. आणि पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकदा "टक्" असे जाणवू लागले तर त्या दिवशी सायकल पुढे नेऊ नये. तसेच चालवत राहिल्यास कॉटरला खाच पडते, मग एक्सलच्या सपाट जागेची कड गोल होते, आणि त्यानंतर कितीही चांगली कॉटर आणली तरी ती धरत नाही. पंधरा-वीस रुपयांचे काम एक्सल आणि क्रँकवर जाते. त्या पोरीच्या सायकलीला तिसऱ्या दिवसापासून टक् टक् होते. तिने घरी सांगितलेही होते. हंगामाच्या गडबडीत ते कोणी मनावर घेतले नाही.

गिअरच्या सायकली

नव्या सायकलीत कॉटर नाही. १९३० नंतरच्या काळात फ्रान्समध्ये स्ट्राँगलाइट या कंपनीने ॲल्युमिनियमचे क्रँक आणि चौकोनी टोकाचा एक्सल आणला, तोच प्रकार पुढे सगळीकडे पसरला. एक्सलचे टोक चौकोनी आणि टोकाकडे निमुळते. त्यावर क्रँक बोल्टने ओढून बसवतात, ठोकून नव्हे. हे मिस्त्रीला आवर्जून सांगावे.

इथेही दोन मापे आहेत, जपानी आणि आंतरराष्ट्रीय. दोन्हींचा उतार सारखाच दोन अंशांचा, पण आंतरराष्ट्रीय मापाचे टोक किंचित बारीक. त्यामुळे जपानी मापाचा क्रँक आंतरराष्ट्रीय एक्सलवर सुमारे साडेचार मिलिमीटर जास्त आत जातो. घट्ट होण्याआधीच बोल्ट एक्सलला टेकतो, आणि आपल्याला वाटते की आवळला. प्रत्यक्षात क्रँक सैल असतो. आपल्या बाजारात बहुतेक माल जपानी मापाचा येतो, तरी सेट वेगवेगळ्या ठिकाणचा जमवू नये. ॲल्युमिनियमचा क्रँक एकदा सैल चालवला की त्याचे चौकोनी भोक गोलसर होते. त्याला उपाय नाही. आवळून, पत्रा घालून काही होत नाही, क्रँक टाकावाच लागतो.

लांबी बदलली की चेनची रेषा बदलते. एक्सल दोन्हीकडे सारखा असेल तर फरकाचा निम्मा भाग उजवीकडे धरावा. ११३ मिलिमीटरच्या जागी १२२.५ टाकला तर फरक साडेनऊ, चेनव्हील पावणेपाच मिलिमीटर बाहेर गेले. गिअर मग एका टोकाला नीट पडत नाहीत.

याहून महाग सायकलींचे तर विचारू नका. दातेरी टोकाचे एक्सल आले, त्यातही शिमानोचे दोन प्रकार आणि दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. मग २४ मिलिमीटरचा पोकळ एक्सल, जो उजव्या क्रँकलाच जोडलेला येतो आणि बेअरिंग नळीच्या बाहेर बसतात. मग ३० मिलिमीटरचा, त्याला नळीत आटेच नाहीत, बेअरिंग दाबून बसवायचे. २०१८ साली स्रॅम कंपनीने २८.९९ मिलिमीटरचा काढला. आपल्या उसाच्या जाती तरी दहा-पंधरा वर्षे चाचण्या करून प्रसारित होतात. या लोकांना दर चार वर्षांनी नवे माप का लागते हे मला समजलेले नाही. अशी सायकल घरी असेल तर फ्रेमचे आणि क्रँकचे पूर्ण नाव-नंबर लिहून शहरातल्या जाणत्या दुकानात विचारावे. आपल्या मिस्त्रीच्या हातोड्याखाली ती देऊ नये, त्याच्याही भल्यासाठी.

बिघडलेल्या नळीचे काय

काहींच्या फ्रेमचे आटे आधीच गेले असतील. फ्रेम टाकण्याची घाई करू नका. नळीची भिंत जाड असेल तर ३६ मिलिमीटरच्या इटालियन मापाचे नवे आटे पाडता येतात, मात्र टॅप त्या मापाचा आणि फिरवणारा हात जाणता हवा. दुसरे म्हणजे, आट्यांची गरज नसलेले बी.बी. मिळते. ते दोन्ही बाजूंनी आवळत गेले की नळीला आतून घट्ट धरते. किंमत साध्या सेटच्या कितीतरी पट. आजोबांची रॅले मी दोन वर्षांपूर्वी त्यावरच चालू केली आहे. आमचे चिरंजीव ती चालवतात आणि दर रविवारी क्रँक हलवून बघण्याची सक्ती मी त्यांच्यावर केली आहे. त्या सभासदाच्या मुलीच्या सायकलीला दोन्ही बाजूंना तीन सुताच्या कॉटर बसवून दिल्या. ती आता दहावीला आहे.

ज्यांना माप घ्यावयाचे असेल त्यांनी दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा या वेळात गट कार्यालयात यावे. व्हर्नियर आणि आटे मोजण्याची पट्टी माझ्याजवळ असते. सायकल आणण्याची गरज नाही, जुन्या वाट्या, एक्सल आणि कॉटर फडक्यात बांधून आणल्या तरी पुरे. मात्र ग्रीस पुसून आणावे, टेबलावर ऊस नोंदीची वही असते.